टाऊन हॉलचा बुजलेला झरोका

"पोरी, खोलीत वारा काहून येऊन नाही राह्यला?" मोतीबिंदूनं अधू झालेले सासरे शालिकराम म्हणाले, तेव्हा त्यांचा डबा घेऊन आलेली पौर्णिमा बाळाला भरवत होती. "थंडीत बरंच आहे की, बाबा," म्हणून तिनं विषय संपवला.

त्याच आठवड्यात शालिकराम रात्री धुरानं गुदमरून गेले. बालाघाटच्या जुन्या टाऊन हॉलचे ते चौकीदार. राहायला मागचीच खोली. हॉलमध्ये आता खाली कॅफे, वर वाचनालय, बाजूला दुकानं होणार होती, आणि ते खोली सोडत नव्हते. दार आतून बंद, खाटेजवळ विझलेली शेगडी. म्हाताऱ्याचीच चूक, असं सगळे म्हणाले.

पौर्णिमाला ते पटेना. तिनं खाजगी तपास करणाऱ्या कालिंदीताईंना बोलावलं, बाबांचं वाऱ्याबद्दलचं बोलणंही सांगितलं.

खोलीचा छताला लागून असलेला एकमेव झरोका बाहेरून विटांनी बुजवलेला होता, वरून चुना.

"हा कधी बुजवला?"

ठेकेदार राजेंद्र पान चघळत म्हणाला, "दिवाळीतच, ताई. आधी झरोका बुजवला, मग सारी भिंत चुन्यानं पोतली. मी सोता उभा होतो. मॅडमच्या नकाशात तसंच आहे."

"खोली रिकामी झाल्यावर बुजवा, असं बजावलं होतं मी," आर्किटेक्ट अपूर्वा म्हणाली.

"लेखी?" ताईंनी विचारलं.

"तोंडी."

"तोंडी तर मॅडमनं मले ताजमहालही बांधाले सांगितला असन," राजेंद्र हसला.

ताई बाहेर स्टुलावर चढल्या. झरोक्याच्या वरच्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं, खाली पांढरा चुना उघडा पडला. मग बुजवलेल्या जागेवर फिरवलं. बोट स्वच्छ.

"म्हणजे नकाशाच नडला?" पौर्णिमा म्हणाली.

"काजळी बघ. ती नव्या चुन्याच्या वर आहे. भिंत पोतल्यावरही शेगडीचा धूर इथूनच निघत होता. झरोका तेव्हा उघडाच होता. वारा थांबल्याचं बाबांनी तुला सांगितलं कधी? गेल्याच आठवड्यात. मग दिवाळीत उभं राहून बुजवून घेतल्याचं हे कशाला सांगतात?"

राजेंद्रचं चघळणं थांबलं. "माराचं नव्हतं, ताई. धुरानं वैतागून म्हातारा निघून जाईन वाटलं. उद्घाटन जवळ आलतं."

ताई अपूर्वाकडे वळल्या. "तुम्ही रोज येत होता. बुजलेला दिसला नाही?"

"दिसला," ती म्हणाली. "पण नकाशाप्रमाणेच झालं होतं."

टाऊन हॉल नटला. राजेंद्र जामिनावर सुटला, आणि हट्टा गावाजवळच्या एका जुन्या धर्मशाळेचं काम आता त्याच्याकडे आहे. तिथंही मागच्या खोलीत जिजाबाई नावाची म्हातारी राहते. तीही जागा सोडत नाही. पौर्णिमाचं बाळ लहान, तिला रोज जाणं होत नाही. म्हणून ती तुम्हाला विनवते: त्या बाजूला गेलात तर जिजाबाईंच्या दाराची कडी वाजवा. ओ येईपर्यंत थांबा.