इंद्रजीतच्या सायकलचं मागचं चाक

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. माझ्या मामांनी, अलीममामांनी, जसं सांगितलं तसंच लिहितोय.

साल २००४. ऑक्टोबर महिना. गाव कासुर्डी. हायवेच्या कडेला मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

एका दुपारी हौसरावआप्पा गिअरची सायकल खांद्यावर घेऊन आले.

मामांनी सायकल लगेच ओळखली. आप्पांच्या इंद्रजीतची. वर्षापूर्वी हायवेवर ट्रकनं पोराला उडवलं. सायकलला मात्र ओरखडाही नव्हता.

"मागचं चाक घासतंय," आप्पा म्हणाले.

मामांनी रिम धरून चाक आडवं हलवलं. खडखड वाजलं. चाकाच्या मधला हब पार ढिला झाला होता.

"चालवतं कोण, आप्पा?"

"कुणी न्हाई. वर्षभर गोठ्यात खुंटीला हाय."

मामांनी टायर पाहिला. अपघाताच्या आदल्या दिवशी त्यांनीच नवा घातलेला. त्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते.

मग त्यांनी हब खोलला...

आतलं ग्रीस काळं पडलं होतं. छर्रे झिजून बारीक झालेले. छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनला खड्डे. हजारो मैल पळाल्यासारखा हब.

मामांना कळेना. तरी त्यांनी हब रॉकेलनं धुतला. नवे छर्रे, नवे कोन, नवं ग्रीस घातलं. चाक फिरवून सोडून दिलं.

कट्‌कट्‌कट्‌कट्‌...

आप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"ह्योच आवाज! रोज दिवेलागणीला रस्त्यानं येतो. दिसत कुणीच न्हाई. पर दोन महिनं झालं, घासत येतो... आन् घराअलीकडच्या वळणावरच थांबतो. पोराची आई मुक्ता म्हनली, चाक नीट करून आणा. पोरगं दमत असंल."

मामांनी फिरतं चाक हातानं थांबवलं.

"आप्पा, ही सायकल घरी नेऊ नका."

"त्या माउलीला काय सांगू?"

आप्पा सायकल घेऊन गेले.

मामांना राहवेना. त्याच संध्याकाळी ते आप्पांच्या वस्तीवर गेले. मुक्ताबाई दारात उभ्या होत्या, शेजारी आप्पा. आत ताट वाढून ठेवलेलं.

अंधारून आलं. आणि...

कट्‌कट्‌कट्‌कट्‌...

रस्ता मोकळा होता. आवाज मात्र येत होता.

या वेळी तो वळणावर थांबला नाही.

बांधावरून आला. अंगणात आला. बांधलेला कुत्रा पोटात पाय घेऊन बसला.

मामांनी गोठ्याकडे पाहिलं. सायकल खुंटीलाच होती. पण मागचं चाक... गरागरा फिरत होतं.

"आला गं माझा बाळ!" मुक्ताबाई उंबऱ्यातून बाजूला झाल्या.

आवाज त्यांच्या अगदी जवळून आत गेला.

आणि थांबला.

मुक्ताबाईंचं हसू तसंच गोठलं. त्यांनी हळूच नवऱ्याचा दंड धरला.

"अवं... ह्यो आपला इंद्रजीत न्हाई."

तिघंही तसेच अंगणातून बाहेर पडले. घरात परत कुणी पाऊल टाकलं नाही. आप्पा आणि मुक्ताबाई दौंडला लेकीकडे राहायला गेले.

मामा आजही त्या वाटेनं जात नाहीत. चाक आपणच नीट करून दिलं, हे त्यांच्या मनातून जात नाही.

लोक म्हणतात, आता त्या रस्त्यावर आवाज येत नाही. सगळं शांत झालं.

मामा नकारार्थी मान हलवतात.

"आत जाताना मी ऐकलंय," ते म्हणतात. "बाहेर येताना कुणी ऐकलं?"