खोली एक, तक्रारी दोन

सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत बसणारा माणूस आपल्या वाट्याला येऊ नये, एवढंच लॅरिसा ह्रिंचुकचं देवाकडे मागणं होतं. विनिपेगमध्ये राहून असलं मागणं मागायचं म्हणजे देवालाच पेचात टाकणं. इथे अर्धं शहर खिशात बिया घेऊन हिंडतं. पण निदान परीक्षेच्या खोलीत तरी? आणि तीही 'शांत खोली'! ही खोली मिळावी म्हणून तिने अकरा पानी फॉर्म भरला होता, डॉक्टरांची दोन पत्रं जोडली होती. ज्यांना तारखा सांभाळता येत नाहीत अशांच्या मदतीसाठी उघडलेल्या विद्यापीठाच्या सवलत कक्षाने 'तारीख उलटून गेली' म्हणून तो फॉर्म एकदा परतही पाठवला होता.

कट्. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. कट्... कट्.

"शू!" लॅरिसा म्हणाली.

"सॉरी, सॉरी." तो माणूस हसला, पुडी खिशात टाकली आणि पाय हलवू लागला. टेबलही हलू लागलं.

"शू!!"

लॅरिसा अडतीस वर्षांची होती. विसाव्या वर्षी तिने हेच विद्यापीठ अर्धवट सोडलं, तेव्हा सगळ्यांनी तिला आळशी ठरवलं आणि तिनेही ते खरं मानलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं तिने एका दुकानात लोकांच्या चित्रांना चौकटी ठोकल्या. चित्रं तिला माणसांपेक्षा लवकर कळायची. छत्तिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, हा ऑटिझम आहे, आळस नव्हे. मग तिने पुन्हा अर्ज केला. विद्यापीठाने घेतलं, पण अट घातली: कलेच्या इतिहासाचा हा पहिला विषय चांगल्या गुणांनी सुटला पाहिजे. नाही सुटला तर नाव कटलं, आणि या खेपेला कायमचं.

आजची ही त्यातली ऑक्टोबरची चाचणी, अंतिम परीक्षा डिसेंबरात. पेपर सोपा दिसत होता. पडद्यावर सहा चित्रं, प्रत्येकावर पानभर उत्तर. लॅरिसाने पहिल्या चित्रातल्या मदर मेरीच्या निळ्या झग्यावर नऊ पानं लिहिली. तो रंग ज्या निळ्या दगडाचा, तो दगड कुठल्या खाणीतला, कुठल्या डोंगरांवरून आला, कोणी कुटला... आणि वेळ संपली. पाच चित्रं कोरी राहिली. खापर तिने बियांवर फोडलं. खरं सांगायचं तर बिया नसत्या तरी बाई त्या निळ्यातून बाहेर आल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी ती तावातावाने सवलत कक्षात गेली, तर खिडकीशी तोच उभा!

"ती बाई दर दोन मिनिटांनी शू-शू करते," तो खिडकीमागच्या मिसेस मॅगतिबायना सांगत होता. "हललो नाही तर मला सुचत नाही. एडीएचडी आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. हलायची मुभा मिळावी म्हणून वेगळी खोली मागितली, तर आत आधीच एक हेडमास्तरीण!"

"हेडमास्तरीण मागेच उभी आहे," लॅरिसा म्हणाली.

तो वळला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मिसेस मॅगतिबायनी दोघांचे फॉर्म काढले. फॉर्मवर चौकट एकच होती: वेगळी खोली हवी. एकाला शांततेसाठी हवी आणि एकाला आवाज करता यावा म्हणून हवी, हे लिहायला कुठे जागाच नव्हती. दोघांनी खूण केली, म्हणून दोघांना मिळून एक वेगळी खोली.

"वेगळी म्हणजे इतरांपासून वेगळी," मिसेस मॅगतिबाय शांतपणे म्हणाल्या.

लॅरिसाने कपाळावर हात मारला. त्यानेही मारला, अगदी त्याच क्षणी. दोघांना हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून लॅरिसाला अधिकच राग आला. दोघांनी तिथेच, एकाच पेनाने, आळीपाळीने लेखी तक्रारी खरडल्या.

बाहेर ओला बर्फ पडत होता. तो तिच्या बरोबरीने चालू लागला. कॉर्नी पेनर, वय एक्केचाळीस. वीस वर्षं धान्याचा ट्रक चालवला, आणि ट्रकमध्ये इतिहासाची व्याख्यानं ऐकून ऐकून शेवटी पदवी घ्यायला आला.

"तुम्ही किती चित्रांवर लिहिलंत?" त्याने विचारलं.

"एका."

"मी सहाही! पण प्रत्येकावर दोन ओळी."

"दोन ओळींत काय डोंबल लिहिता येतं?"

"पहिली ओळ, 'राजाकडचा पैसा संपला होता.' दुसरी, 'पुढचं आठवत नाही.'"

लॅरिसाने ओठ घट्ट मिटले. या माणसाच्या विनोदाला हसायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"असं करू," तो म्हणाला, "मी तुम्हाला पुढे ढकलतो, तुम्ही मला मागे ओढा. रविवारी, कलादालनात. तिथे मला फिरता येईल आणि तुम्हाला शांतता मिळेल."

"बिया?"

"बिया... बघू."

पहिल्या रविवारी तो पाऊण तास उशिरा आला. दुसऱ्या रविवारी वेळेवर आला, पण ट्रक कुठे लावला ते विसरला. पारा उणे वीसवर, इंजिन गोठू नये म्हणून ट्रकची वायर कुठल्याशा खांबाला जोडलेली, आणि हे गृहस्थ सगळ्या खांबांची पाहणी करत हिंडताहेत! लॅरिसाचा जीव मेटाकुटीला आला. तरी तिसऱ्या रविवारी ती त्याच्याआधी अर्धा तास जाऊन उभी राहिली. का, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

कारण दालनात शिरल्यावर गंमत व्हायची. ती एका चित्रापुढे थांबायची आणि सांगू लागायची: हा हात नंतर रंगवलाय, ही सावली खोटी आहे. तो तिच्याभोवती फेऱ्या घालत, त्या सालात दुष्काळ कसा होता, कर कोणी वाढवला, चित्रातल्या बाईला लग्न नको का होतं, ते सांगायचा. दहा मिनिटं झाली की म्हणायचा, "पुढं!"

"अजून तिच्या बाहीचं राहिलंय."

"बाही कुठे पळून जात नाही. पुढं!"

"तुम्ही फार छळता."

"आणि तुम्ही? 'दुष्काळ कुठल्या महिन्यात?' असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. घरी जाऊन रात्रभर शोधत बसलो." जरा थांबून तो म्हणाला, "फेब्रुवारीत."

कोणाच्या डोळ्यांत बघणं लॅरिसाला जड जायचं. म्हणून ती त्याच्या मनगटाकडे बघायची. नोव्हेंबर संपेपर्यंत ते मनगट तिला पाठ झालं होतं, त्यावरच्या ट्रकच्या दाराने झालेल्या व्रणासकट. त्याच सुमारास दोघंही एकमेकांना 'अरे, अगं' करू लागली होती. सुरुवात कोणी केली, यावरही एकदा भांडून झालं होतं.

एका रविवारी त्याने कोटातून पत्र्याची छोटी डबी काढली आणि तिच्यापुढे धरली. आत सोललेल्या बिया होत्या.

"आवाज नको ना तुला," तो म्हणाला. "घरीच सोलल्या. तीन तास लागले."

"तीन तास! तेवढ्यात दोन धडे वाचून झाले असते!"

"झाले असते..." तो इमानदारीने म्हणाला.

लॅरिसा त्याच्यावर फार चिडली. घरी जाईपर्यंत चिडलेलीच होती. रात्री अंथरुणात पडल्यावर तिच्या लक्षात आलं की हे चिडणं नव्हे. मग ती स्वतःवर चिडली.

डिसेंबरात अंतिम परीक्षा आली आणि सवलत कक्षाचा ईमेल आला. खोल्या भरल्या आहेत. तुम्हा दोघांसाठी एकच उरली आहे. जो नाव मागे घेईल त्याला मोठ्या सभागृहात, सर्वांबरोबर बसावं लागेल. खोलीबरोबर दीडपट वेळेची सवलतही जाईल.

परीक्षेच्या सकाळी उणे एकतीस होतं. लॅरिसा कक्षाच्या खिडकीशी पोचली, तर कॉर्नी तिथे आधीच हजर.

"तू इथे काय करतोस? तुझी खोली वरच्या मजल्यावर आहे."

"माझी? ती तर तुझी."

मिसेस मॅगतिबायनी वर पाहिलं. "दोघांचे ईमेल आले. दोघांनीही खोली दुसऱ्यासाठी सोडली. मी दोघांची नावं खोडली."

"मग खोलीत कोण आहे?" लॅरिसाने विचारलं.

"कोणी नाही."

"तर मग दोघांनाही तिथेच बसवा ना!"

"एका खोलीत दोघांना बसवायचं नाही, असा नियम झालाय." मिसेस मॅगतिबायनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "ऑक्टोबरात दोन लेखी तक्रारी आल्या होत्या. काय ते ठरवा. पाच मिनिटं आहेत."

"लॅरिसा जाईल," कॉर्नी म्हणाला. "मी उन्हाळ्यात पुन्हा देईन पेपर. तिला पुन्हा संधी नाही."

"अजिबात नाही! दीडशे माणसांत तू तासभर गप्प बसशील? दहाव्या मिनिटाला बाहेर काढतील!"

"काढू देत."

"काढू देत काय! तीन तास बिया सोलतोस, पाऊण तास मला थंडीत उभी करतोस, हातमोजे माझ्या गाडीत विसरतोस आणि मी ते वेडीसारखी रफू करून ठेवते... माझं प्रेम आहे तुझ्यावर, समजलं? तेव्हा मुकाट्याने त्या खोलीत जा आणि लिही!"

मागे रांगेत सात-आठ पोरं उभी होती. कॉर्नीचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने खिडकीवरचं पेन उचललं, कागदावर खोलीसमोर तिचं नाव लिहिलं आणि सभागृहाकडे धूम ठोकली.

उत्तर न देताच!

लॅरिसा त्या शांत खोलीत एकटी बसली. इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा, आणि डोक्यात नुसता कल्लोळ. हो म्हणाला? नाही म्हणाला? माणूस पळाला, याचा अर्थ काय लावायचा? समोर पहिलं चित्र आलं. तिला रडावंसं वाटलं. पण त्याने आपला पेपर पणाला लावून ही खोली तिला दिली होती. ती वाया घालवणं तिच्याने होईना. तिने लिहायला घेतलं. दुसऱ्या चित्रात पुन्हा निळा झगा आला. हात तिथेच रेंगाळू लागला तेव्हा ती मोठ्याने स्वतःवरच खेकसली आणि पान उलटलं. सहावं चित्र संपलं तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. निकाल जानेवारीत लागायचा होता, पण सहाच्या सहा लिहून होणं या विद्यापीठात तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं.

ती बाहेर आली. सभागृह केव्हाच रिकामं झालं होतं. कॉरिडॉरमध्ये कॉर्नी येरझाऱ्या घालत होता.

"झाली सहाही?"

"झाली. तुझी?"

"चार. मग पर्यवेक्षक बाई येऊन म्हणाल्या, पाय थांबवा. थांबवले. सुचायचंही थांबलं. मग राहिलेला वेळ तुला काय उत्तर द्यायचं तेच जुळवत बसलो."

"म्हणजे तुझा पेपर बुडाला?"

"बुडाला बहुतेक. उन्हाळ्यात पुन्हा."

"मूर्ख आहेस तू," लॅरिसा म्हणाली. "आणि उत्तर?"

कॉर्नीने टोपी काढली, परत घातली, पुन्हा काढली.

"माझंही," तो म्हणाला. "तुझ्यावर. कधीपासूनच."

लॅरिसा वाट पाहत राहिली. पुढे काही येईना.

"एवढंच? एरवी तोंडाचा पट्टा बंद होत नाही, आणि आज दीड तास मला टांगून ठेवून एवढंच?"

"दीडपट वेळ तुला होता," कॉर्नी म्हणाला. "मला नव्हता."

वैतागाने आणि सुखाने लॅरिसाचा जीव अगदी भरून आला. तिने त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि त्याला जवळ ओढलं.

"आता आहे," ती म्हणाली. "उरलेलं सांग... सावकाश."