कळीचा दगड

कमानीचा मधला, कळीचा दगड बसवण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा बसवून बघायचा आणि कुठं टेकतो ते कळावं म्हणून त्याला चुना फासायचा, ही आमच्या कामाची रीत. शिलाई सोडून मी धाकट्या भावाच्या दगडकामात आले. काम बघून बघून शिकले. चुका मात्र स्वतःच्या बुद्धीनं करते.

मालकांच्या बागेतला तो जुना पूल आम्ही उतरवून पुन्हा रचत होतो. त्या सकाळी चुना फासलेला ठोकळा मला दगड वाटला. मी कमानीखालचा आधार काढायला सांगितला. ठोकळा तडकला आणि ओढ्यात पडला. खाली लाकडी घोडीवर उभ्या असलेल्या भावानं त्या रिकाम्या जागेत खांदा घातला.

कमान पडायला हवी होती. पडली नाही.

"किती खातोस म्हणून जेवताना रोज टोकतेस ना, ताई? आज हे अंग कामाला आलं."

गडी धावले, दोन्ही बाजूंनी जॅक लावले. सगळा भार जॅकवर आला. आता नीघ, मी म्हटलं.

"दुखत नाही गं. सुटत नाही."

सांधा नीट बसलाय का, हे आम्ही पातळ पातं सरकवून बघतो. पातं आत गेलं की काम वाईट. त्याच्या मानेजवळ मी ते सरकवलं तेव्हा चार बोटं आत गेलं. साबणाचं पाणी ओतलं, तेल ओतलं. दुपारी ते नखाएवढंच गेलं. वाईट काम निघावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा विनवण्या करत होते.

मग ते गेलंच नाही.

त्याचा गाल ओढ्यातल्या गोट्यासारखा गार लागला. मी छिन्नी घेतली. शेजारचा दगड फोडून काढायचा, मग पूल पडो, मालक बोंबलोत.

पहिल्याच घावाला तो कळवळला.

घाव दगडावर होता.

गडी एकेक करून मागं सरले. कुणाचाच पाय पुढं येईना. मी छिन्नी पाण्यात टाकली.

"घोडी काढ, ताई," तो सावकाश म्हणाला. "माझे पाय कधीचे टेकत नाहीत."

मी खाली बघितलं नाही. डॉक्टर पलीकडच्या काठाला राहत होते. मी चढून वर आले आणि पुलावरून धावत सुटले.

"हळू," खालून आवाज आला.

मी चपला काढून हातात घेतल्या.