कुंदनचा शिक्का

धुळ्यातल्या करसल्लागाराच्या टेबलावर प्रेम जमतं, असं कुणी सांगितलं असतं तर दिपमालाने त्याला आधी चष्मा तपासायला पाठवलं असतं.

ती दोंडाईच्याची शिक्षिका. सोबत थोरला भाऊ कुंदन... वय छत्तीस, बुद्धीने सावकाश, मायेने भलताच भरभर. आई-वडील गेल्यापासून तो तिच्याकडे. आजवर तीन स्थळं आली. तिघांनी चहा संपवून एकच विचारलं, "भाऊ कुठे राहील?" ती म्हणाली, "माझ्याजवळ." तिघांनाही एकदम घरची कामं आठवली.

करसल्लागार हितेंद्रने तिचे कागद पाहिले. मग तिच्याकडे... कागदांपेक्षा जरा जास्त वेळ.

"मॅडम, दिव्यांग भावाची वजावट कधी घेतलीच नाही?"

"अशी असते?"

"जुन्या करप्रणालीत असते. प्रमाणपत्र तर आहे. यंदा तीच निवडू."

"आणि खर्चाच्या पावत्या?"

"नको. सरकार क्वचितच एवढा विश्वास टाकतं... त्याला लाजवू नका."

तिला हसू आलं. तेवढ्यात कुंदनने टेबलावरचा रबरी शिक्का उचलून हितेंद्रच्या जेवणाच्या डब्यावर हाणला. "हाऊ मना शे!"

"दादा! अहो, माफ करा, आवडलं की ते आपलंच, असं आहे त्याचं."

हितेंद्रने शाईचं पॅड पुढे सरकवलं. "भाऊ, शाई नीट लावा. पुसट उठला."

विवरणपत्राला एक फेरी पुरते. दिपमालाच्या चार झाल्या. कधी छायाप्रत पुसट, कधी सही तिरपी. तिरपी सही तिला इतकी सुंदर जमते, हे तिलाही नवीन होतं.

चौथ्या फेरीला हितेंद्र कायद्याचं पुस्तक उघडून बसला होता.

"एक अडचण आहे."

"माझ्या विवरणपत्रात?"

"माझ्या. या वजावटीला अवलंबित म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण. मेहुणा... बसत नाही. तीनदा वाचलं."

"पण तुम्हाला मेहुणा आहे कुठे?"

"नाही... अजून."

पंखा फिरत होता, तरी तिचे कान तापले.

"म्हणजे वजावट मलाच घ्यावी लागेल," ती टेबलाकडे बघत म्हणाली.

"आणि नोकरी सोडता येणार नाही. हा सल्ला फुकट."

तीन वेळा ऐकलेला प्रश्न यावेळी तिनेच विचारला. "भाऊ... कुठे राहील?"

"खिडकीच्या खोलीत. आईला सांगून झालंय. तिचा एकच प्रश्न होता, त्याला शेवभाजी तिखट चालते का?"

"चालते," ती कशीबशी म्हणाली. "पण बाकीचं मला नाही... त्याला विचारा."

हितेंद्र कुंदनकडे वळला. "भाऊ, याल आमच्याकडे राहायला? दोघं?"

कुंदनने त्याला नीट न्याहाळलं. मग त्याचा हात ओढून तळहातावर शिक्का हाणला, या खेपेला भरपूर शाई लावून.

"हाऊ बी मना शे!"

शाई ओली होती. दिपमालाने तो हात जवळ घेतला... आणि हळूच फुंकर घातली.