उलटी आलेली फटफटी

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर बसले होते. खालून एक जुनी दुचाकी धापा टाकत गेली आणि मामा बोलता बोलता गप्प झाले.

"काय झालं, मामा?" भाच्यानं विचारलं.

"काही नाही रे. आमच्या कारखान्यातला टर्नर आठवला. माझ्या शेजारच्याच लेथवर असायचा."

"म्हणजे आता भूत येणार," भाचीनं पाय वर घेतले.

"येईल, न येईल. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो. मधे खिदळायचं नाही."

त्या टर्नरच्या वडिलांची एक छोटी फटफटी होती, टर्नरच्या जन्माआधीची. म्हाताऱ्यानं तिचं इंजिन खोलायला घेतलं आणि तिच्याच शेजारी कोसळला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, बोलणं गेलं, ओळखही गेली. टर्नर "बाबा, मी" म्हणायचा, तर म्हातारा भिंतीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघायचा.

एकदा टर्नर तेलकट हातांनीच त्याला पाणी पाजायला गेला. म्हाताऱ्यानं वास घेतला. नजर हलली. टर्नरच्या बोटांवर आली, मनगटावर चढली... आणि विझली.

झालं! टर्नरला त्या नजरेनं झपाटलं. फटफटीचा आवाज कानावर पडला की बाबा ओळखतील, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टरांनी हात टेकले तसा तो आणखीच इरेला पेटला. खोललेलं इंजिन जुळवायला घेतलं. जो बुश, आतलं धातूचं कडं, बाजारात मिळेना, तो स्वतः लेथवर काढला. बायको म्हणायची, "अहो, माणूस आत आहे आणि तुम्ही बाहेर लोखंडाशी बोलताय."

"लोखंड निदान उत्तर तरी देईल," तो म्हणायचा.

ती रात्र फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारची. पावणेबारा झाले असतील. म्हाताऱ्याला संध्याकाळपासून धाप लागली होती. टर्नरचं शेवटचं काम उरलं होतं, ठिणगीची वेळ जुळवायचं. वडिलांची त्यासाठी एक पद्धत होती. इंजिनाचं झाकण काढायचं, पॉइंटच्या, म्हणजे भिडून सुटल्या की ठिणगी पाडणाऱ्या, दोन टिकल्यांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि चाक हळूहळू फिरवायचं. कागद सुटला, की तो ठिणगीचा क्षण. टर्नरनं कागद अडकवला, चाकाला हात घातला, तोच आतून हाक आली.

"अहो, आधी इकडे या!"

श्वास अडला होता. दोघांनी म्हाताऱ्याला उचलून बसवलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं श्वास सुरळीत झाला. टर्नर घाईघाईनं बाहेर आला. झाकण बसवलं, स्क्रू आवळले.

"आता कुठे निघालात?"

"पुलापर्यंत. सुरू झाली नाही तर त्यांच्या कानावर नुसत्या किका नकोत. झाली, की चालवतच आणतो."

"आज नका जाऊ. मला लक्षण बरं दिसत नाही."

"म्हणून तर जातोय!"

ढकलत ढकलत त्यानं ती पुलावर नेली. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. प्लग काढून पाहिला, ठिणगीच नव्हती. झाकण उघडायला पेचकस हवा होता, तो घरी राहिला होता. मग तो वेड्यासारखा किका मारत सुटला. नडगी सोलली, घामानं शर्ट भिजला. शेवटी टाकीवर डोकं टेकून रडायला लागला. "एकदाच गं बाई... एकदाच."

मामांनी पाण्याचा एक घोट घेतला.

त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. किक खाली गेली.

आपोआप.

इंजिन पेटलं. तोच आवाज, वडिलांच्या वेळचा. त्यानं डोळे पुसले, गिअर टाकला, क्लच सोडला...

गाडी मागे निघाली.

"मागे?"

"मागे. या जुन्या इंजिनांत ठिणगीची वेळ चुकली तर ती उलटी फिरतात, हे टर्नरला ठाऊक होतं. म्हणून आधी तो घाबरला नाही. त्यानं क्लच दाबला."

गाडी थांबली नाही. ब्रेक दाबला. नाही. चावी काढली. चावी हातात... आणि इंजिन चालूच. पाय उचलेनात. वळणावर हँडल आपोआप वळलं. मागची सीट करकरली, कोणी टेकून बसावं तशी. त्यानं मागे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

घराच्या फाटकाशी गाडी थांबली. टर्नर आत धावला. इंजिन बाहेर फटफटतच होतं.

म्हातारा टक्क जागा होता. त्यानं मुलाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहावं तसं नाही. मुलाकडे. डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा..."

म्हाताऱ्याचा मेलेला उजवा हात चादरीवरून उठला. मूठ वळली. मनगट हळूच पुढे फिरलं, आपण गाडी थांबवताना हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटरचा पीळ सोडतो ना... तसं.

बाहेर इंजिन मंदावलं. आणखी मंदावलं.

थांबलं.

आत श्वासही.

गच्चीवर भाची मामांच्या जवळ सरकली. ती म्हणाली, "पण मामा, आवाज त्याला एकट्यालाच आला असेल तर?"

"बायकोनंही ऐकला. शेजारी तर भांडायला उठले होते." मामांनी चष्मा काढून पुसला. "सगळे विधी झाल्यावर टर्नरनं मला घरी बोलावलं. म्हणाला, एकट्यानं उघडायची छाती होत नाही. मीच झाकणाचे स्क्रू काढले."

"मग?"

"कागद टिकल्यांमध्ये तसाच होता. घाईत काढायचा राहिला होता त्याचा. कागद मधे असला, की टिकल्या भिडतच नाहीत, ठिणगी पडूच शकत नाही, बाळा. इतकं अंतर इंजिन फिरलं, तर त्याच्या चिंध्या व्हायला हव्या होत्या."

"आणि?"

"साधी घडीसुद्धा पडली नव्हती."