अडतिसाव्या मिनिटाला

ऑफिसात त्याला सगळे पाठीमागे 'मिनिटकाटा' म्हणत, आणि ते त्याला मनातून आवडायचं. विमान कंपनीची वेळापत्रकं तपासणं हे त्याचं काम. एका मार्गावर दोन लहान विमानतळ, मधलं अंतर दोनशे बारा किलोमीटर, उड्डाण अडतीस मिनिटांचं. नोंद मात्र वर्षानुवर्षं एकोणपन्नास मिनिटांची! वरची अकरा मिनिटं कोण ऐतखाऊ खातंय, ते बघायला तो भर दुपारी त्या अठरा आसनांच्या खटाऱ्यात बसला.

पलीकडच्या गावात त्याची मुलगी राहायची. असल्या आडगावच्या जावयासाठी रजा कोण टाकणार, म्हणून हा तिच्या लग्नालाच गेला नव्हता. पाच वर्षांच्या अबोल्यानंतर आज ती न्यायला येणार होती. "एकदाच येईन, बाबा," ती फोनवर म्हणाली होती. "फक्त चुकलं म्हणा." ते त्याला जन्मात जमलं नव्हतं. आज कसंबसं म्हणू, असं त्यानं ठरवलं होतं.

बरोबर अडतिसाव्या मिनिटाला विमान उतरून जागेवर थांबलं. पंखे थांबले. पण कोणी हलेना. सगळे पट्टे बांधून, माना खाली घालून बसलेले.

"दार उघडा," तो म्हणाला.

"अजून अकरा मिनिटं, साहेब," हवाई सेविका पुटपुटली. "सगळं... पोचायचं असतं."

"विमान पोचलंय. डोळे आहेत ना?"

"विमान पोचलंय हो..."

शेजारच्या म्हातारीनं त्याची बाही धरली. "बसा. आम्ही काय हौसेनं बसतो?"

त्यानं बाही झटकली. सगळा अडाण्यांचा बाजार! दाराचा दांडा त्यानं स्वतःच ओढला आणि पायऱ्या उतरला.

बाहेर ऊन होतं, पण ऊब नव्हती. इमारतीत चिटपाखरू नाही. जळक्या वायरीचा वास तेवढा दाटलेला. टेबलावर चहाचा पेला होता, वर वाफही होती, पण ती हलत नव्हती. 'कर्मचारी गैरहजर', त्यानं फायलीत लिहिलं. पेन उमटेना. त्यानं दुसरं काढलं, तेही उमटेना.

अकरा मिनिटं झाली आणि एकदम गलका उसळला. माणसं, सामानाच्या गाड्या, आणि कठड्याशी त्याची मुलगी! त्यानं हात केला. ती त्याच्या आरपार विमानाकडे बघत होती.

विमानाचं दार आत्ता उघडत होतं. सगळ्यात शेवटी, म्हातारीला हात देत, तो स्वतःच उतरला. तोच कोट, तीच बॅग.

"चुकलं गं माझं," तो उतरलेला म्हणाला. पोरगी त्याच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागली.

हा ओरडला, आडवा आला. कोणी ढुंकून बघितलं नाही. दारातून जाताना त्या दुसऱ्यानं मात्र मागे वळून पाहिलं. ती नजर ह्याच्या ओळखीची होती. आयुष्यभर कारकुनांकडे हा असाच बघत आला होता.

दोघं गेली. तो मागच्या बाकाकडे वळला. तिथं तिघं बसले होते, तिघांच्याही मांडीवर फाइल. त्यातल्या एकानं घड्याळ पाहिलं, नाक मुरडलं, आणि जरा सरकून त्याला जागा करून दिली.