आकड्यापाशी सुरुवात

फ्रीझरच्या खोलीच्या दारात दोघांची टक्कर झाली आणि तिच्या केसांतला आकडा खाली पडला. त्याने तो उचलून निरखला.

“तुमचा आरएनए पडला,” तो म्हणाला.

ती हसली, आणि तिथेच फसली. पेशीतला आरएनएचा धागा असाच आकड्यासारखा कुठे, कसा दुमडतो याची गणितं तो वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर मांडायचा. सगळे त्याला आकडेवालाच म्हणत. गडबडीत आकडा त्याच्याकडेच राहिला, आणि तो मात्र रोज तिच्या प्रयोगशाळेत उतरू लागला. “मला तुम्हाला... म्हणजे—” म्हणायचा आणि गाडी गणितावर न्यायचा.

“काय म्हणतो गं तुझा आकडेवाला?” घरी तिची आत्या विचारायची.

“‘म्हणजे’ म्हणतो. पुढे काहीच नाही.”

तिचा प्रयोगही याच दुखण्यावरचा. पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम आरएनएच्या धाग्यावरून सरकत सुरुवातीची खूण शोधतो. खूण पुसट असली, तर बहुतेकदा तिच्यावरून निघून जातो. तिचं म्हणणं, खुणेच्या थोडं पुढे धाग्याला आकड्यासारखी घडी असली, तर तो अडखळेल... आणि त्या पुसट खुणेवरूनच काम सुरू करून हिरवं चमकणारं प्रथिन बनवेल. मागच्या खेपेला घडी फार जवळ पडली. रायबोसोम खुणेपर्यंत पोचलाच नाही. आता घडीची नवी जागा त्याने काढून दिली होती.

“पेशी हिरव्या चमकल्या, तर अडलेलं वाक्य पूर्ण करायचं,” तिने पैज लावली.

“आणि नाही चमकल्या तर?”

“तर बसा जन्मभर गणितं करत.”

सूक्ष्मदर्शकाखाली बिनघडीची बशी जवळजवळ काळीच होती. तिने दुसरी, घडीची बशी सरकवली... हिरवंगार. त्याला बघायला जागा करून दिली, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

“मला तुम्हाला... म्हणजे— आलेख काढून आणतो,” म्हणत तो दाराकडे निघालाच.

तिने चाकांचं स्टूल पायाने ढकललं. ते गडगडत त्याच्या पुढ्यात जाऊन दारात अडकलं.

“फार जवळ नाही ना पडलं?” तिने विचारलं.

तो थांबला. वळला. खिशातून तिचा आकडा काढून तळहातावर धरला.

“जागा अचूक आहे,” तो म्हणाला. मग, “तू...” इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं. “तू फार आवडतेस मला.”

तिने त्याच्याकडे पाठ केली आणि केस एका हाताने वर धरले.

“लाव मग,” ती म्हणाली.